पाय बधिर झालाय, काय करू?

"ताई, माझा पाय बधिर झालाय, मुंग्याही येत नाहीत." पत्राची पहिली ओळ वाचून मला वाटलं, संपादकांनी आरोग्याच्या सदराची टपाल चुकून माझ्याकडे पाठवली. दुसऱ्या ओळीत उलगडा झाला. लिहिणाऱ्याचा रास्पबेरी पाय होता, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक. सेन्सर जोडला, पण बोर्डाला काही जाणवत नाही. त्यानंतर त्याच दुखण्याची पत्रं येत राहिली, म्हणून या महिन्यात दुरुस्तीचे बाकीचे प्रश्न मागे ठेवून फक्त हेच घेते.

एक सूचना आधीच. आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करा आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. तासगावजवळ माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. केवडा रोगाची भीती असते, म्हणून बागेतलं तापमान आणि दमटपणा नोंदवायला पाय 4 घेतला नि त्याला बीएमई280 सेन्सर लावला. इंटरनेटवरच्या एका पाठात लिहिलं होतं की ब्लॅकलिस्ट नावाची फाइल उघडून त्यातली आय-टू-सीची, म्हणजे सेन्सरशी दोन तारांवर बोलायच्या पद्धतीची, ओळ काढा. माझ्याकडच्या फाइलीत तसली ओळच नाही. मग बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत पोर्ट चालू करायची ओळ लिहिली, तरी काही नाही. पोर्ट जळला का? पुढे सेन्सर घरापासून 20 मीटरवर, बागेत न्यायचा आहे. — एक बागायतदार, तासगाव

उत्तर : पोर्ट जळलेला नाही. जळलेला पोर्ट कसा दिसतो ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी एक जाळलाय.

2013 साली हातात आलेला माझा पहिला पाय 26 पिनांचा होता. आयटीआयमध्ये मुलांना आयसीच्या पिना मोजायला शिकवून माझी बोटं एका वळणाची झालेली. आयसीच्या पिना एका बाजूने खाली उतरतात आणि दुसऱ्या बाजूने वर चढतात. पायवर तसं नसतं. तिथे एका रांगेत 1, 3, 5 आणि समोरच्या रांगेत 2, 4, 6 असे आकडे समोरासमोर नागमोडी जातात. मला बेंचवरच्या सप्लायचे 5 व्होल्ट पिन 2 ला द्यायचे होते. मी आयसीच्या हिशेबाने मोजलं आणि ते गेले पिन 3 ला, म्हणजे आय-टू-सीच्या डेटाच्या तारेवर. पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या. बोर्ड पुन्हा सुरू झाला, पडद्यावर सगळं ठीक दिसलं, पण ती पिन कायमची गेली. तो बोर्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि दर वर्षी कुणा ना कुणाला दाखवायला बाहेर निघतो.

तुमची अडचण वेगळी आहे. तुम्ही दोन जुने पत्ते हुडकत फिरलात. ब्लॅकलिस्टची फाइल ही 2015 च्या आधीची गोष्ट. तेव्हा आय-टू-सी आणि तिच्यासारखीच दुसरी पद्धत एसपीआय, यांचे ड्रायव्हर त्या यादीत अडकवून ठेवलेले असत आणि ओळ पुसली की ते मोकळे होत. 2015 च्या सुरुवातीला, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य भाग) 3.18 च्या सुमारास, पायने डिव्हाइस ट्री ही पद्धत घेतली. बोर्डावर काय काय आहे आणि त्यातलं काय चालू करायचं याची ती एक वही समजा. सुरू होताना कर्नल ती वाचतो. तेव्हापासून पोर्ट कॉन्फिग फाइलीतून चालू होतात. जुने पाठ मात्र कुणी पुसत नाही, ते तसेच लोकांना फिरवत राहतात.

दुसरा पत्ता बदलला 2023 च्या ऑक्टोबरात, पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुकवर्म आवृत्तीबरोबर. आधी फाइल थेट बूटमध्ये होती, आता ती बूटच्या आत फर्मवेअर नावाच्या फोल्डरमध्ये असते. जुन्या जागी जी फाइल उरलीय तिच्यात इंग्रजीत ठळक लिहिलेलं असतं की ही बदलू नका, हवी ती फाइल दुसरीकडे गेली. तुम्ही ती पाटी ओलांडून खाली ओळ लिहिलीत. हसत नाही हं, पहिल्यांदा मीही तेच केलं होतं.

फाइलीला हात न लावताही काम होतं. टर्मिनलवर 'सुडो रास्पी-कॉन्फिग' द्या, इंटरफेस ऑप्शन्समध्ये जा, आय-टू-सी निवडा, होय म्हणा, बोर्ड पुन्हा सुरू करा. हाताने लिहायचंच असेल तर ओळ अशी: 'डीटीपॅराम', बरोबर, 'आय2सी_आर्म', बरोबर, 'ऑन'. लिहिताना फाइलीतले चौकटी कंस बघा. 'सीएम4' असा कंस आला की त्याच्या खालच्या ओळी फक्त त्या बोर्डासाठी असतात. तुमची ओळ 'ऑल' या कंसाच्या खाली गेली पाहिजे. विंडोजवर कार्ड घालून नोटपॅडमध्ये फाइल जतन केली असेल, तर नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' दोनदा लागलेलं नाही ना, तेही बघा. विंडोज शेवटचे ते तीन अक्षर लपवतं आणि आपण फसतो.

आता पुढचं नीट वाचा, कारण निम्मे लोक इथे घोटाळतात. 'आय2सीडिटेक्ट', जागा, उणे 'वाय', जागा, 1 अशी आज्ञा द्या. आज्ञाच सापडत नाही म्हणाला तर 'आय2सी-टूल्स' हे पॅकेज आधी घ्या. पाय काय उत्तर देतो त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं. 'अशी फाइल नाही' म्हणाला तर पोर्ट अजून बंद आहे, तारांना हात लावू नका. 'परवानगी नाही' म्हणाला तर पोर्ट चालू आहे, तुमचं खातं 'आय2सी' गटात नाही. आकड्यांची जाळी आली आणि तिच्यात नुसत्या रेघाच असल्या, तर सॉफ्टवेअरचं काम संपलं. आता दोष तारेत, डाखात नाहीतर सेन्सरमध्ये. जाळी एकेक घर अडखळत, कण्हत भरत असेल तर डेटाची किंवा घड्याळाची (क्लॉकची) तार कुठेतरी ग्राउंडला चिकटलीय. आणि 76 किंवा 77 दिसलं, तर सेन्सर सापडला.

रेघाच आल्या तर आधी डाख बघा. हे सेन्सर येतात तेव्हा पिनांची पट्टी पिशवीत वेगळी असते. लोक ती भोकांत नुसती खोवतात आणि ब्रेडबोर्डवर दाबतात. भोकात खोवलेली पिन कधी टेकते, कधी टेकत नाही, आणि हा 'कधी' माणसाला वेड लावतो. डाख द्याच. मग पिन 1 म्हणजे 3.3 व्होल्ट, पिन 3 डेटा, पिन 5 घड्याळ, पिन 9 ग्राउंड. वेगळे रोध लावायची गरज नाही, पिन 3 आणि 5 वर बोर्डातच 1.8 किलोओहमचे लावलेले आहेत.

सेन्सर सापडल्यावर तापमान येतं पण दमटपणा येत नाही, असं झालं तर तुम्हाला बीएमई म्हणून बीएमपी विकलाय. हे बाजारात सर्रास चालतं. 76 या पत्त्यावरचं डी0 हे रजिस्टर 'आय2सीगेट'ने वाचा. उत्तर 60 आलं तर खरा बीएमई, 58 आलं तर बीएमपी, त्याला दमटपणा कळतच नाही. डोळ्यांनी बघायचं तर बीएमईचं धातूचं टोपण चौरस असतं, बीएमपीचं जरा लांबट.

20 मीटरचं म्हणाल तर, आय-टू-सीला तिथे नेऊ नका. फिलिप्सने 1982 साली ही पद्धत काढली ती एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलावं म्हणून. सगळ्या तारेची मिळून धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) 400 पिकोफॅरडच्या आत राहावी लागते आणि 20 मीटर केबल ती सहज ओलांडते. वेग कमी करून थोडं अंतर वाढतं, पण बागेत, पंपाच्या मोटारीच्या शेजारून जाणारी तार असेल तर त्या नादी लागू नये. आरएस-485 वर चालणारा तापमान-दमटपणाचा प्रोब घ्या, पिळाची जोडतार टाका आणि पायच्या यूएसबीला आरएस-485 चा कन्व्हर्टर लावा. 485 कमी वेगात 1200 मीटरपर्यंत जातं, तुमचे 20 म्हणजे अंगणच. त्यात पायची एकही पिन लागत नाही, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं तुम्हाला घरातल्या सेन्सरपुरतंच लागेल.

प्रश्न : ताई, आम्ही शाळेत मुलांसाठी सहा पाय घेतले. डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर लावलाय. पुस्तकात '4 वर जोडा' आहे, तसं जोडलं, पण तीन बोर्डांवर सेन्सर दिसत नाही. एकावर दिसतो पण 85 अंश दाखवतो. इथे उकाडा आहे हे खरं, पण इतका नाही! — विज्ञान शिक्षिका, चिपळूण

उत्तर : पुस्तकातला 4 हा जीपीआयओ क्रमांक आहे, म्हणजे चिपच्या हिशेबाचा, बोर्डावरच्या पिनेचा क्रमांक नव्हे. जीपीआयओ 4 म्हणजे पिन 7. पिन 4 वर सरळ 5 व्होल्ट असतात. मुलांनी बहुधा तिथे डेटाची तार लावलीय. घाबरू नका, सेन्सर 5 व्होल्ट सोसतो आणि पायची पिनही त्या तारेला लागलेली नाही, त्यामुळे दोन्ही वाचले असतील. टर्मिनलवर नुसतं 'पिनआउट' म्हटलं की बोर्डाचं चित्र दोन्ही क्रमांकांसह येतं. ते छापून वर्गात भिंतीवर लावा.

डेटा आणि 3.3 व्होल्ट यांच्यामध्ये 4.7 किलोओहमचा रोध हवाच. इथे आय-टू-सीसारखा तो बोर्डात नसतो. रोध विसरलात की 00 ने सुरू होणारी भुताटकीची नावं येतात आणि जातात. खऱ्या सेन्सरचं नाव 28 ने सुरू होतं. 85 अंश हा सेन्सर सुरू होतानाचा ठरलेला आकडा आहे. मोजमाप पुरं होण्याआधी वाचलं किंवा वीज कमी पडली की तोच परत येतो. बऱ्याचदा कारण असतं लाल तारेचा सैल जंपर.

या सेन्सरचा वनवायर पोर्ट चालू करायला सहाही बोर्डांवर मेन्यूत जाऊन टिचक्या मारत बसू नका. 'सुडो रास्पी-कॉन्फिग नॉनइंट डू_वनवायर 0' ही एक ओळ पुरते. शेवटच्या शून्याचा अर्थ 'होय' असा आहे, 1 म्हणजे 'नाही'. उलटं आहे, मला पटत नाही, पण आहे तसं आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याच्या मागे 9 पिनांचं सॉकेट आहे. वजन आपोआप संगणकात जावं म्हणून पुतण्याने पाय 3 बसवला, मधे मॅक्स3232 चा छोटा बोर्ड घातला. वजन कधी येतं, कधी निम्मंच येतं, कधी चिन्हांचा कचरा येतो. सकाळी साडेपाचला रांग लागते तेव्हा हे परवडत नाही. काटा बिघडलाय म्हणून उघडून बघावा का? — सचिव, दूध संस्था, संगमनेर तालुका

उत्तर : काटा उघडू नका. त्याला वजनमापे खात्याचं सील असतं, ते तुटलं तर पुन्हा पडताळणी होईपर्यंत काटा वापरता येणार नाही. मग साडेपाचच्या रांगेला काय सांगाल?

पुतण्याने एक गोष्ट फार चांगली केली. मधे मॅक्स3232 घातला. काट्याचं सॉकेट आरएस-232 चं. त्याच्या तारेवरचा दाब शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे, 10-12 व्होल्टपर्यंतही जाऊ शकतो. तो सरळ पायच्या पिनेला लागला असता तर तुमचं पत्र वेगळं असतं. फक्त त्या छोट्या बोर्डाला वीज 3.3 व्होल्टची दिलीय ना, पिन 1 वरून, तेवढं बघा. 5 व्होल्ट दिले तर तो पायलाही 5 व्होल्टनेच बोलेल.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. वजन निम्मं येतं याचं कारण, काट्याचं बोलणं दोघेजण ऐकतायत. पायच्या सिरियल पोर्टवर लॉगिनची खिडकी उघडी असू शकते. जुन्या काळी दुसऱ्या संगणकावरून तार जोडून आत शिरायची सोय ती. काट्याने '12.450' पाठवलं की त्यातली काही अक्षरं लॉगिनवाला उचलतो, उरलेली तुमचा प्रोग्राम. भरीत भर म्हणजे पाय सुरू होताना आपल्या बाजूने काट्याला पानभर इंग्रजी ऐकवतो. रास्पी-कॉन्फिगमध्ये सिरियल पोर्ट निवडा. तिथे दोन प्रश्न येतात. 'लॉगिन हवं का?' याला नाही म्हणा. 'हार्डवेअर चालू ठेवायचं का?' याला होय. बरेच लोक घाईत दोन्हींना नाही म्हणतात आणि पोर्टच बंद करून बसतात.

कचऱ्याचं कारण जास्त गमतीचं आहे. पायमध्ये यूआर्ट, म्हणजे सिरियल बोलणारं यंत्र, दोन जातींचं आहे. एक पूर्ण, पीएल011 नावाचं. दुसरं मिनी. पाय 3 आला 2016 मध्ये आणि त्यात ब्लूटूथ होतं. ब्लूटूथला भरवशाचा पोर्ट हवा म्हणून पूर्ण यूआर्ट त्याला दिलं, आणि पिन 8 नि 10 च्या वाट्याला मिनी आलं. धाकट्याचं ताट थोरल्याला वाढलं म्हणा ना. मिनीचा वेग चिपच्या गाभ्याच्या घड्याळावर चालतो. काम वाढलं की ते घड्याळ पळतं, काम कमी झालं की रेंगाळतं, आणि त्याबरोबर अक्षरांचा वेगही हलतो. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नाला होय म्हटलं की फाइलीत 'एनेबल_यूआर्ट', बरोबर, 1 अशी ओळ लिहिली जाते आणि पाय 3 वर गाभ्याचं घड्याळ 250 मेगाहर्ट्झला बांधलं जातं. एवढ्याने बऱ्याच जणांचा कचरा थांबतो.

तुमचा थांबेल याची खात्री नाही. काट्याची पुस्तिका काढा, तिच्यात बॉड रेटच्या (पाठवायच्या वेगाच्या) शेजारी पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) लिहिलेली असेल. काही काटे 7 बिट आणि इव्हन पॅरिटी वापरतात. मिनी यूआर्टला पॅरिटी येतच नाही! कितीही डोकं आपटा, जमणार नाही. त्यावर उपाय एकच, पूर्ण यूआर्ट परत मागून घ्यायचं. दूध संस्थेत ब्लूटूथ कुणाला हवंय? कॉन्फिग फाइलीत 'डीटीओव्हरले', बरोबर, 'डिसेबल-बीटी' लिहा, 'सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल एचसीआययूआर्ट' ही आज्ञा द्या आणि बोर्ड पुन्हा सुरू करा. ती सेवा नाही असं उत्तर आलं तर सोडून द्या, काही अडत नाही. प्रोग्राममध्ये पोर्टाचं नाव 'सिरियल0' ठेवा. मागे कोणतंही यूआर्ट असो, पाय 3 आणि 4 वर ते नाव पिन 8 आणि 10 कडेच नेतं. पाय 5 घेतलात तर मात्र सावध. त्याला सिरियलसाठी तीन पिनांचं वेगळं छोटं सॉकेट आहे आणि 'सिरियल0' तिकडे जातं. तिथे पिन 8 आणि 10 साठी 'टीटीवायएएमए0' असं नाव द्यावं लागतं, आणि त्यातलं 'एएमए' एवढं मात्र मोठ्या अक्षरांत.

तपासणी अशी करा. काट्याची तार काढा. पायची पिन 8 आणि पिन 10 एका जंपरने जोडा, मिनिकॉम हा सिरियल पोर्टशी बोलायचा प्रोग्राम उघडा, त्यातला स्थानिक प्रतिध्वनी (लोकल एको) बंद करा आणि टाइप करा. अक्षरं उमटली तर पाय निर्दोष. मग जंपर काढून मॅक्स3232 परत लावा आणि त्याच्या 9 पिनांच्या सॉकेटातल्या 2 आणि 3 जोडा. अक्षरं उमटली तर तो बोर्डही निर्दोष. मग उरला काटा आणि केबल. एकाच्या तोंडाकडचं, म्हणजे बोलायचं, टोक दुसऱ्याच्या कानाला लागलं पाहिजे, तोंडाला तोंड नाही. म्हणून 2 आणि 3 केबलमध्ये सरळ आहेत की उलटसुलट ते मीटरने बघा. 5 म्हणजे ग्राउंड, तो जोडलेला हवाच.

आणि आता मनातलं सांगते. माझ्या ओळखीच्या संस्थेचं काम असतं तर मी हे काहीच केलं नसतं. यूएसबी ते आरएस-232 ची चांगली केबल आणून पायच्या यूएसबीत खोचली असती. तिच्यात पॅरिटी चालते, ब्लूटूथचं भांडण नाही, डाख नाही. पुतण्याला राग येईल, पण त्याला सांगा, शिकण्यासाठी पिना आणि साडेपाचच्या रांगेसाठी केबल.

प्रश्न : मॅडम, मी मूळची लातूरची, पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मातीच्या ओलाव्याचा सेन्सर एमसीपी3008 या व्होल्टचा आकडा करणाऱ्या चिपमधून पायला जोडला. एसपीआय चालू केल्यावर माझा एक एलईडी बंद पडला आणि सेन्सरचं वाचन कायम 0 येतं. मला हेही कळत नाही की हे पोर्ट आधीपासून चालू का ठेवत नाहीत? — एक विद्यार्थिनी

उत्तर : शेवटचा प्रश्न तू विचारलास ते मला फार आवडलं, आणि त्याचं उत्तर तुझ्या एलईडीने दिलंय.

पायची पिन बहुरूपी असते. साध्या दिवशी ती नुसती चालू-बंद करायची कळ असते. पण तिला आणखी सहापर्यंत रूपं घेता येतात आणि एका वेळी एकच. जीपीआयओ 14 एका रूपात पूर्ण यूआर्टची, दुसऱ्यात मिनीची, तिसऱ्यात नुसती कळ. हे वरच्या पत्रातलं भांडण तिथूनच येतं. एसपीआय चालू केलंस की जीपीआयओ 7 ते 11 या पाच पिना त्याच्या सोंगात शिरतात. तुझा एलईडी नक्की त्यातल्या एकीवर असणार, 8 वर वगैरे. पोर्ट आधीपासूनच चालू ठेवले असते, तर एलईडी लावून सुरुवात करणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी हे कोडं पडलं असतं. कोणत्या पिनेने सध्या कोणतं रूप घेतलंय ते बघायला नव्या आवृत्तीत 'पिनसीटीआरएल' ही आज्ञा आहे. एलईडी 17 वर ने, म्हणजे पिन 11.

आता 0. आधी 'देव्ह' फोल्डरमध्ये 'एसपीआयडेव्ह0.0' आणि '0.1' दिसतात का बघ. दिसतात म्हणजे पोर्ट उघडा आहे. मग चिप बाजूला काढ, पिन 19 आणि 21 जंपरने जोड आणि पाठवलेलं तेच परत येतं का बघ. एसपीआयमध्ये पाठवणं आणि घेणं एकाच वेळी होतं, त्यामुळे हे जमतं. परत आलं तर पाय ठीक आहे आणि तुझ्या ब्रेडबोर्डावर शोध सुरू कर. चिपची निवड तार पिन 24 ला लावलीस आणि प्रोग्राममध्ये 0.1 लिहिलंस, असं झालं तर पाय दुसऱ्याच दाराची कडी वाजवत बसतो. 24 म्हणजे 0.0, 26 म्हणजे 0.1.

आणि चिपला वीज कितीची दिलीस? पत्रात लिहिलेलं नाहीस, म्हणून मला धाकधूक आहे. एमसीपी3008 5 व्होल्टवर चालतो, पण मग 21 वर तो 5 व्होल्टच पाठवतो. त्याची वीज आणि संदर्भ दाब, दोन्ही 3.3 ला लाव. त्याचं उत्तर 0 ते 1023 मध्ये येतं. सेन्सर कोरड्या मातीत एकदा आणि पाण्याच्या पेल्यात एकदा धर, दोन्ही आकडे वहीत लिही; तुझ्या शेताचं माप त्या दोन आकड्यांच्या मधे आहे.

प्रश्न : पावसात वीज गेली की माझ्या पाय 4 चं घड्याळ चुकतं, म्हणून डीएस3231 हे बॅटरीवर चालणारं घड्याळ लावलं. आय2सीडिटेक्टमध्ये 68 च्या जागी 'यू यू' येतं आणि 57 वर कुणीतरी अनोळखी बसलंय. मॉड्यूल परत करू का? — फोंडा, गोवा

उत्तर : परत करू नका. 'यू यू' म्हणजे ती जागा कर्नलच्या ड्रायव्हरने घेतलीय, घड्याळ कामाला लागलंय. 57 वरचा पाहुणा त्याच मॉड्यूलवरची छोटी स्मृतीची चिप आहे, राहू द्या.

बघायचं ते वेगळंच. त्या निळ्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा बॅटरी चार्ज करायचा मार्ग असतो, आणि दुकानदार आत सीआर2032 घालून देतो. ती चार्ज करायची बॅटरी नव्हे, फुगते. मॉड्यूलला 5 व्होल्ट दिले असतील तर आज संध्याकाळीच ते काढून 3.3 वर लावा. पायच्या डेटाच्या तारेलाही तेच बरं. मग मॉड्यूलवर '201' लिहिलेला बारीक रोध शोधा, डाखाची गन दोन्ही टोकांना टेकवा आणि उचलून टाका.